कोलोनला दोन दिवस द्यावेत का

बायको तिच्या लॅबबरोबर जर्मनीत कोलोनला जाऊन आली, त्या आठवड्यात मी घरात फारच चांगला वागत होतो. रोज भांडी घासली, तिची पंक्चर झालेली सायकल दुकानात नेऊन आणली, आणि मधूनमधून सहज विचारल्यासारखं विचारत राहिलो, "मग, कसं होतं कोलोन?"

"छान. मोठं चर्च आहे."

"आणखी?"

"आणखी काय? मीटिंग होती. लवकर संपली, मग चर्चच्या टॉवरवर गेलो."

"कोण कोण?"

"मी आणि तो. बाकीचे बिअर प्यायला गेले."

तो म्हणजे तिच्या शेजारच्या टेबलावर बसणारा डच संशोधक. इथे नेदरलँड्समध्ये, लायडनच्या सायन्स पार्कमध्ये तिला नोकरी लागून दोन वर्षं झाली होती, आणि तेवढीच वर्षं तो आमच्या जेवणाच्या टेबलावरही हजर असायचा, बोलण्यातून. कुठल्या बेकरीतला ब्रेड चांगला, हे त्याने सांगितलेलं असायचं. नगरपालिकेचं एक डच पत्र मी संध्याकाळभर बसून भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये घालून तिला समजावलं होतं, ते दुसऱ्या दिवशी तिने त्याच्याकडून पुन्हा वाचून घेतलं. "तू बरोबरच सांगितलं होतंस," असं तिने येऊन मला कौतुकाने सांगितलं. मी त्याला दोनदा भेटलो होतो. उंच, लाजरा, समोरच्याचं बोलणं पूर्ण ऐकून घेणारा. नावं ठेवायला काही सापडत नव्हतं, याचाही मला राग होता.

पण खरी गोष्ट टॉवरची होती. माझ्या बायकोला उंचीची भयंकर भीती आहे. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मी तिला आमच्या गावाजवळच्या देवगिरीच्या किल्ल्यावर नेलं होतं. खंदकावरच्या पुलापर्यंत ती हसत आली. पुढे अंधारी लागते, काळोखातला चढ. तिथे ती थांबली आणि म्हणाली, "मला नाही जमणार." मी एका शब्दाने जबरदस्ती केली नाही. ही माझ्या स्वभावातली चांगली बाजू, असं मी बरीच वर्षं समजत आलो. त्यानंतर आम्ही कुठे दीपगृह चढलो नाही, केबल कारमध्ये बसलो नाही. मित्राच्या अकराव्या मजल्यावरच्या घरी ती बाल्कनीत येत नाही, खोलीतूनच सगळ्यांशी बोलते.

आणि त्याच्याबरोबर कोलोनच्या टॉवरवर! पाचशेच्या वर पायऱ्या आहेत, मी पाहून ठेवलं. तिच्या फोनमध्ये एक फोटोही होता. नदी, रेल्वेचा पूल, खाली छपरं, आणि कडेला काळ्या दगडाचा तुकडा. "तू काढलास?" मी विचारलं. "नाही, त्याने." ती आंघोळीला गेली तेव्हा मी तो फोटो मोठा करून पाहिला. काय शोधत होतो देव जाणे.

मे महिन्यात गुरुवारची सुट्टी आली. शुक्रवारी तिची लॅब बंद होती, मीही रजा टाकली. दोन दिवस कुठेतरी जायचं होतं. त्या आधीच्या रविवारी उइटहॉर्नला एका मित्राकडे जेवायला गेलो होतो, तिथे मी कोलोनचा विषय काढला. मित्राने लगेच निकाल लावला.

"कोलोनला दोन दिवस? अरे, स्टेशनबाहेर पाऊल टाकलं की समोर चर्च. मान वर करायची, फोटो काढायचा, पुढच्या गाडीने परत. अर्धा दिवस पुष्कळ झाला."

त्याची बायको म्हणाली, "बाकी शहरात जुनं काही राहिलं नाही. युद्धात गेलं सगळं."

"बघ," माझी बायको म्हणाली, "मी पण तेच सांगतेय. आपण बेल्जियममध्ये गेंटला जाऊ या."

ती इतक्या घाईने म्हणाली, की माझ्या हातातला घास हातातच राहिला. मला चर्चमध्ये काडीचा रस नाही. सुट्टीत मला झोपायला आवडतं. पण त्या दुपारी मी कोलोनची अशी वकिली केली, की मित्र हसायला लागला. नदीकाठ आहे, म्युझियम आहेत, उट्रेख्टहून गाडी थेट जाते, दोन दिवसही कमीच पडतील. ती माझ्याकडे बघत राहिली. परतीच्या बसमध्ये म्हणाली, "ठीक आहे, जाऊ. पण मी बघितलंय हं सगळं." मी मनात म्हटलं, तेच तर.

गुरुवार घरीच आळसात घालवला आणि शुक्रवारी सकाळी लायडनहून निघालो, उट्रेख्टला गाडी बदलली. वाटेत ती लेख वाचत होती आणि मी तिच्याकडे पाहत होतो. मित्राचं एक खरं निघालं. स्टेशनबाहेर आलो आणि चर्च एकदम अंगावरच आलं. काळं, प्रचंड, वर पाहता पाहता मान दुखावी असं. दुसऱ्या कोणत्याही दिवशी मी गप्प उभा राहिलो असतो. त्या दिवशी मी आधी टॉवरचं दार कुठे आहे ते शोधलं.

"चल, वर जाऊ."

"तू जाऊन ये. मी इथे बसते."

"का? तू तर चढली आहेस."

"म्हणूनच. मी पाहिलंय."

"त्याच्याबरोबर चढलीस. माझ्याबरोबर चढवत नाही?"

दोन महिने पोटात ठेवलेलं वाक्य असं चौकात, बॅगा ओढत जाणाऱ्या माणसांच्या मध्ये बाहेर पडलं. मला वाटलं, ती चिडेल. ती खाली दगडी पायरीवर बसली आणि पाण्याची बाटली उघडून तशीच धरून राहिली.

"मी वर गेलेच नाही," ती म्हणाली. "अर्ध्यात अडकले. गोल जिना आहे, अरुंद, वर जाणारे आणि खाली येणारे एकाच जिन्यावरून. अचानक पाय उचलेनात. आणि मग रडायला लागले. मोठ्याने. शाळेतल्या मुलांची रांग माझ्या अंगावरून जात होती."

"मग?"

"मग काही नाही. तो खालच्या पायरीवर बसला. तासभर असेल. येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगत होता, जरा सांभाळून. मधेच खिडकीतून फोटो काढून मला दाखवला, म्हणाला, वरून यापेक्षा वेगळं काही दिसत नाही. नंतर मी बसून बसून उतरले, एकेक पायरी, आणि तो माझ्या पुढे."

"हे मला का नाही सांगितलंस?"

"लाज वाटली. ऑफिसच्या माणसापुढे असं रडायचं म्हणजे." बाटलीला झाकण लावत ती म्हणाली, "आणि तुला सांगितलं असतं, तर मला किल्ला आठवला असता."

"किल्ल्यावर मी कुठे जबरदस्ती केली?"

"नाही केलीस. तू वर गेलास."

हे ती भांडणाच्या सुरात म्हणाली नाही. खरंच गेलो होतो. थेट वरच्या बारादरीपर्यंत, तोफेपाशी फोटो काढून, दीड-दोन तासांनी खाली आलो होतो, आणि ती पुलाच्या कठड्याशी माकडांपासून पर्स सांभाळत बसली होती. ही आठवण माझ्याकडे होतीच. त्या आठवणीतला बायकोचा भाग मी कधी पाहिला नव्हता.

कुणाला वाटेल की खुलासा झाला, माझ्या मनावरचं ओझं उतरलं. तसं झालं नाही. ती त्याच्याबरोबर शिखरावर उभी होती, या कल्पनेपेक्षा ती त्याच्यासमोर रडली, हे जास्त लागलं. माझ्यासमोर ती कधीच रडली नव्हती; तिच्या आईच्या आजारपणातसुद्धा बाथरूममध्ये जाऊन रडली होती. दुपारभर आम्ही नदीकाठाने चाललो, कागदाच्या बशीत सफरचंदाच्या गोड चटणीबरोबर बटाट्याची तळलेली धिरडी खाल्ली, आणि मी मनातल्या मनात तो एक तास पुन्हा पुन्हा लावून पाहत होतो.

शनिवारी सकाळी हॉटेलात चहा पिताना तीच म्हणाली, "जाऊन बघू या का? जमेल तेवढं. पण अडकले तर थांबशील ना?"

"थांबेन."

जिना तिने सांगितला होता तसाच होता, उलट जास्तच अरुंद. ती पुढे, मी एक पायरी मागे. ती भिंतीला हात लावून चढत होती आणि काहीबाही बोलत होती, लॅबमधलं, भाजीचं. मग बोलणं बंद झालं, आणि एका वळणावर ती खाली बसली. मी तिच्या खालच्या पायरीवर बसलो. वरून एक जाडजूड आजोबा उतरत आले, त्यांच्यासाठी मी भिंतीला चिकटलो. नंतर एक कुटुंब आलं. मी सगळ्यांना सॉरी म्हणत होतो. तिने माझा खांदा इतका घट्ट धरला होता, की नखं रुतत होती. ती रडली नाही. डोळे मिटून श्वास मोजत होती.

बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले. मला राहवलं नाही. "मागच्या वेळी इथपर्यंत आली होतीस?"

"हे विचारायला आलास वर?"

"नाही. सहज."

"अजून वर गेले होते," ती म्हणाली. "बरंच वर." आणि तेवढ्या भीतीतही तिला हसू फुटलं. मला मात्र हसू आलं नाही. आणखी दोन वळणं तरी चढू या, हे शब्द माझ्या अगदी ओठावर होते. ते मी गिळले. मग आम्ही बसून बसूनच खाली आलो, मी पुढे, ती मागे.

सोमवारी तिने लॅबमध्ये सगळं सांगितलं असावं. संध्याकाळी मी ऑफिसजवळच्या स्लोटरडाइक स्टेशनवरून परतीच्या गाडीत बसलो होतो, तेव्हा तिचा मेसेज आला. तो म्हणतोय की पुढच्या वेळी तिघं मिळून जाऊ, मधे मी, पुढे-मागे तुम्ही दोघं, म्हणजे वरपर्यंत जमेल.

मी लिहिलं, "बघू."