हडसनच्या काठी आबांचा घास

जळगाव स्टेशनवर आम्हाला पोचवायला निम्मं गाव आलं होतं. निघालो होतो दोघंच, मी आणि माझे थोरले भाऊ, आबा. पण रावेरकडच्या आमच्या गावातून केळीच्या बागा सोडून अस्वल बघायला कॅनडाला जाणारे आबा पहिलेच. कुणी हार घातला, कुणी बजावलं, "आबा, जवय जाऊ नका बरं!" आबांनी टोपी सारखी केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मरायच्या आंधी एक डाव त्याले डोयानं पाहीसन येतो."

या ध्यासाला कारण विलास. आबांचा हा मुलगा तिकडे विनिपेगला इंजिनीयर आहे. त्याने एकदा पांढऱ्या अस्वलाचा फोटो पाठवला आणि आबांनी तो देव्हाऱ्याशेजारी लावला. मग विलासने आम्हा दोघांचीही तिकिटं पाठवली. मी जळगावच्या पिंप्राळ्यातलं बियाण्याचं दुकान बायकोवर टाकून निघालो खरा, पण माझा स्वभाव असा की एका जागी दहा मिनिटं बसलो की पायाला मुंग्या येतात. विमानात इतक्या येरझाऱ्या घातल्या की शेवटी हवाईसुंदरीने हात धरून मला खुर्चीत बसवलं. आबा मात्र मांडी घालून निवांत झोपले.

विनिपेगला चार दिवस राहिलो. आबांची सवय अशी की जेवायला बसलं की पहिला घास काढून ठेवायचा आणि जेवण झालं की तो दाराबाहेर नेऊन ठेवायचा. गावाकडे तो गाईला जातो, कुत्र्याला जातो, कधी कावळा उचलतो. तिकडे गाय कुठून आणायची? विलासच्या अंगणातल्या खारी तो घास खाऊ लागल्या. चौथ्या दिवशी त्या आधीच येऊन बसल्या. आबा खूश. "वयखतात आता मले," म्हणाले.

तिथून विलास आम्हाला घेऊन उत्तरेच्या गाडीत बसला. दोन रात्री गाडी चालते. पहिल्या दिवशी झाडं उंच होती, दुसऱ्या दिवशी ती खुजी होत गेली, आणि शेवटी नुसते दगड, गोठलेली डबकी आणि फिकट आभाळ. मी डब्यातून फिरून फिरून सगळ्यांना तोंडपाठ झालो होतो. समोरच्या बाकावर एक म्हातारा मासेमार होता. त्याने पिशवीतून केळी काढली आणि एक आबांपुढे धरलं. आबांनी ते दाबून पाहिलं, वास घेतला, खाल्लं.

"काय म्हणतात?" म्हाताऱ्याने विलासला विचारलं.

"म्हणतात, केळ बरं आहे, पण कच्चंच उतरवलंय."

म्हातारा इतका हसला की त्याला ठसका लागला. मग त्याने उरलेली केळी स्वतः न खाता नीट बांधून ठेवली, बायकोला दाखवायला.

हडसनच्या उपसागराकाठचं ते गाव म्हणजे वाऱ्यात उभी असलेली थोडी लाकडी घरं. ऑक्टोबर सरत आला होता. पाणी गोठलं की अस्वलं बर्फावर सील प्राण्यांची शिकार करायला निघून जातात. तोवर ती काठावर उपाशीच वाट पाहत पडून असतात. आमची वाटाडी रूथ नावाची बाई होती, उंच आणि कमी बोलणारी. तिने पहिल्याच संध्याकाळी नियम सांगितले. गाडीतून उतरायचं नाही. हाका मारायच्या नाहीत. अस्वलाच्या वाटेत गाडी घालायची नाही, त्याला यायचं तर ते येईल. त्याला काहीही खायला घालायचं नाही. "ज्या अस्वलाला माणसाकडे खाणं मिळतं हे कळलं, त्याचे दिवस भरले समजा," ती म्हणाली. विलासने सगळं मराठीत सांगितलं आणि आबांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी मोठ्या चाकांच्या गाडीत आम्ही दिवसभर बसलो. बसलो म्हणजे काय, माझा नुसता जीव जात होता. खिडकीला नाक लावलं की काच धुरकट व्हायची, पुसली की पुन्हा धुरकट. दुपारी रूथने बोट दाखवलं. दूर, वाळलेल्या झुडपांत, दोन पिवळट ठिपके. त्यातलं एक उठलं, वळलं, पुन्हा बसलं.

"दिसलं का आबा?"

"हालतं ते?" आबांच्या डोळ्यांत पाणी येत होतं, मोतीबिंदू काढून वर्ष झालं होतं तरी लांबचं धडसं दिसत नव्हतं. "नाना, हे तर कडब्याची पेंडी दिसून राह्यली."

"थोडी जवळ घ्या की गाडी," मी विलासमार्फत गळ घातली. रूथने मान हलवली. तिथे जवळच दुसरं अस्वल पिल्लांना घेऊन होतं, ते बिथरलं असतं. मी चडफडलो. एवढा समुद्र ओलांडून आलो आणि ही बाई दोन शेतांएवढं अंतर सोडायला तयार नाही! परतताना आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती, आणि त्यांचं तोंड मला बघवेना.

सकाळी मुक्कामाच्या घरी आम्ही विनिपेगहून सूनबाईने बांधून दिलेली कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाच्या पिठाची) तुपाशी खाल्ली. मी वर बूट शोधत होतो. तेवढ्यात खालून आबांची हाक आली, "नाना! ये, ये लवकर!"

स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीपाशी आबा उभे होते आणि काचेपलीकडे अस्वलाचं तोंड होतं. काळं नाक, ओले ओठ, लहानसे डोळे. पायरीवरचं काहीतरी चाटून ते मागच्या पायांवर उभं राहिलं आणि त्याच्या श्वासाने काच पांढरी झाली. आबांनी हात जोडले. त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं. "पाह्यलं रे," एवढंच म्हणाले. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू?

मग अस्वलाला हुसकायला बाहेर फटाक्यांसारखे बार झाले. पहाऱ्याची माणसं धावून आली. अस्वल चार पावलं मागे गेलं आणि पुन्हा पायरीकडे वळलं. पुन्हा बार, पुन्हा ते वळलं. शेवटी त्याला झोपेची सुई मारली आणि जाळीत घालून नेलं. रूथ पायरीपाशी वाकली आणि दोन बोटांनी तूप लागलेला कागद उचलला.

"हे कुणी ठेवलं?"

विलासचं तोंड उतरलं. "आबा, तुम्ही काही बोलू नका," तो हळूच म्हणाला.

"काय इचारते ती? सांग तिले, मी ठेवला. घास व्हता." विलासने मान खाली घातली. "सांग!"

विलासने सांगितलं. मी मधे पडलो, की हा घास अस्वलासाठी नव्हता, ही आमच्याकडची रीत आहे. रूथने सगळं ऐकून घेतलं. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. अस्वल तरुण आहे, ती म्हणाली, आता उपसागर गोठेपर्यंत त्याला कोंडून ठेवतील. पाणी देतील, खायला देणार नाहीत, कारण माणसाकडे खाणं मिळतं हे त्याला विसरायला हवं. विसरलं तर सुटेल. पुन्हा घरांकडे आलं तर मात्र मारावंच लागेल.

"उपाशी ठेवतीन?" आबांनी विचारलं.

त्या रात्री आबा जेवले नाहीत. परतीच्या गाडीतही सकाळी एकदा खायचे, संध्याकाळी नाही. मी रागावलो. "आबा, ती अस्वलं या दिवसांत तशीही उपाशीच असतात. रूथने सांगितलं ना?"

"ते त्याच्या मर्जीनं. हे माह्यामुये."

विमानात मला जागेवरून उठावंसंही वाटलं नाही.

जळगावला उतरलो तर आबा गावाकडे जायला तयार होईनात. "लोकं इचारतीन, पाह्यलं का? काय सांगू?" ते माझ्याकडे पिंप्राळ्यातच राहिले. गावाहून निरोप येत होते, कापूस फुटला होता, आबा ढिम्म. दर रविवारी आम्ही कोपऱ्यावरच्या फोनच्या बूथवर जाऊन विलासला फोन लावायचो. रूथ कळवते का? पाणी गोठलं का? नाही गोठलं. मी आयुष्यात थंडीची वाट पाहिली नव्हती. आता रिक्षात बसलो तरी मनात तेच, तिकडे वारा सुटला असेल का? आबांचे गाल बसले होते. माझी बायको दर संध्याकाळी त्यांचं ताट वाढायची आणि झाकून ठेवायची.

अखेर एका रविवारी विलास म्हणाला, सुटलं. हेलिकॉप्टरने उत्तरेला नेऊन बर्फावर सोडलं. रूथ स्वतः बरोबर गेली होती.

आबांनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला. "कसं गेलं?"

विलासचा आवाज मलाही ऐकू येत होता. "शुद्धीवर आलं, उठलं आणि सरळ चालायला लागलं, आबा. माणसं उभी होती, पण त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नाही."

"एकडावही नाही?"

"नाही."

आबा कितीतरी वेळ फोन कानाशी धरून उभे होते. बूथवाला घड्याळाकडे बघत होता. मीही आयुष्यात पहिल्यांदा एका जागी न हलता उभा होतो. ज्याला पाहायला पृथ्वीच्या त्या टोकाला गेलो, त्याने आपल्याकडे पाठ फिरवली याचा मला इतका आनंद होईल, असं जाताना कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

"इसरलं मले," आबा म्हणाले आणि फोन ठेवला. मग माझ्या खांद्याला धरून रस्त्यावर आले. "चाल नाना, घरी चाल. लय भूक लागली."