गुडघ्याचा फोटो आणि ताईचं रेडॉनचं पाणी

मंडळी, डोकं चालेनासं झालंय, म्हणून लिहितेय.

मी नाशिकला एक्स-रे काढते. अंगात शिशाचा एप्रन, छातीवर रेडिएशन मोजणारा बिल्ला, बटण दाबायचं ते भिंतीआड जाऊन. वीस वर्षं हेच.

आज सकाळी युरोपातून ताईचा व्हिडिओ कॉल आला. गुडघ्यांसाठी ती डोंगरातल्या एका जुन्या खाणीच्या गावी गेलीय. तिथल्या पाण्यात रेडॉन नावाचा किरणोत्सारी वायू असतो, आणि त्या पाण्यात रोज वीस मिनिटं बसायचं. तेही डॉक्टरांनी लिहून दिलेलं.

"अगं, किरणोत्सारी म्हणजे कळतं का तुला?" मी म्हटलं.

"थोडंसंच असतं गं. आज जिना चढले मी. आईलाही आणते इकडे."

तासाभराने सटाण्याच्या एक आजी आल्या. टेबलावर पाय पसरत म्हणाल्या, "बाई, मागल्या खेपेला तू गुडघ्याचा फोटो काढला, लय बरं वाटलं. आज दोन काढ."

"आजी, फोटो म्हणजे औषध नाही," हे माझं ठरलेलं उत्तर. आज ते तोंडातून निघेना. फोटो मात्र एकच काढला.

संध्याकाळी घरी आले, तर आईचं ताईशी बोलणं झालेलं. मला बघून म्हणाली, "पासपोर्टला किती फोटो लागतात गं?"

तेव्हापासून हे लिहीत बसलेय. तुम्ही काय सांगितलं असतं? आईला सोडा, निदान त्या आजींना?