जावेची बालवाडी येळवशीला जाते

माझ्या धाकट्या जावेच्या हिशोबानं या जगात दोनच तऱ्हेची माणसं आहेत: बालवाडीत बसलेली, आणि बालवाडीत बसायची राहून गेलेली. दुसऱ्या तऱ्हेत आमचे मालक, तलाठी, एसटीचे कंडक्टर आणि मी, असे सगळे येतो. आमची राहून गेलेली बालवाडी ती भेटेल तिथं पुरी करून घेते.

अहमदपुरात तिच्या घरापुढं पत्र्याची ओसरी आहे, तिथं तिची लेकरं बसतात. बाहेर नेताना ती त्यांची आगगाडी करते. पुढच्याचा सदरा मागच्यानं धरायचा. एकदा स्टँडावर नांदेडची गाडी लागली आणि दारात ही रेटारेटी! जाऊ खालून म्हणाली, "कुणाची आगगाडी सरळ, बघू बरं!" खोटं सांगत नाही, चांगले मिशावाले बाप्ये एकमेकांचे सदरे धरून उभे राहिले. कंडक्टर माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मावशी, ह्या बाई रोज येतेत का?"

घरी जेवायला बसलं की आमच्या मालकांचे हात ती आधी पालथे, मग उताणे करून बघते. "भाऊजी, नखं." बस, एवढंच. हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेला माणूस, निमूट उठतो आणि नेलकटर शोधतो. मी सांगून सांगून थकले होते, पण मला काही हा आवाज साधला नाही.

भिंतीवरच्या तक्त्यावर तिचा विश्वास नाही. "अक्का, चित्रातल्या उन्हाचा चटका बसतो का?" असं मलाच विचारते. म्हणून उन्हाळ्यात एक ओला रुमाल उन्हात आणि एक सावलीत घालायचा, आणि आधी कुठला वाळतो ते बघत सगळी शाळा उकिडवी बसायची. पोळ्याला चिखलाचे बैल. एकाच्या बैलाला पाच पाय झाले तर म्हणाली, "असू दे, नांगर जोरात ओढंल." थंडीत माझ्या हदगावच्या माहेराहून कापूस येतो, त्यातली सरकी वेचायची. त्या दिवशी मी गेले तर सगळ्या लेकरांनी कापसाच्या दाढ्या लावलेल्या, आणि त्यातला एक आजोबा मला म्हणतो कसा, "ये गं पोरी, बस." मी बसले. काय करणार!

पण मागच्या साली गावात इंग्रजी नर्सरीची पिवळी व्हॅन फिरायला लागली. टाय, बूट, पाठीवर दप्तर. इकडं आई-बाप कुजबुजायला लागले, "बाई लिहायला काही शिकवीत न्हाईत, नुसता चिखल." तिच्या लेकाचा पुण्याहून फोन आला, "आई, जूनला लेकरं आली न्हाईत तर शाळा बंद. तू माझ्याकडं यायचं." फोन ठेवला आणि जाऊ मला म्हणाली, "अक्का, पालकांनाच येळवशीला शेतात बोलावू. लेकरं काय शिकलेत ते त्यांच्या डोळ्यांनी दिसू दे."

येळवस म्हणजे आमच्याकडची थंडीतली वेळ अमावस्या. त्या दिवशी गावात कुत्रं सापडत नाही, सगळे शेतात. जळकोट रस्त्याला आमचं रान आहे. कडब्याची कोपी, म्हणजे छोटं खोपट, उभी केली, आत पाच दगडांचे चुन्यानं रंगवलेले पांडव मांडले. पालेभाज्या न् शेंगदाण्यांची भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, आणि माठात ताकातली गार आंबील. पूजा झाली की ती आंबील पिकावर शिंपडत रानाला फेरी घालायची. जावेनं लेकरांना एकेक गडू दिला आणि पालकांना ऐकू जाईल असं सांगितलं, "जे जे वाढावं वाटतं, त्याच्यावर शिंपडा."

लेकरं हरभऱ्यावर गेली, ज्वारीवर गेली. पालक कौतुकानं बघून राहिले. मग लेकरांनी विचार केला. तिथंच घात झाला. एकानं धाकट्या भावाच्या डोक्यावर गडू ओतला, कारण तो क्रिकेटला लहान पडतो. एकानं बापाच्या मोटरसायकलीला आंघोळ घातली, तिचा ट्रॅक्टर व्हावा म्हणून. आणि वकीलसाहेबांची लेक म्हणाली, "पप्पा, खाली बसा." ते हौसेनं बसले. पोरीनं सगळी आंबील त्यांच्या टकलावर रिकामी केली आणि तळहातानं नीट चोळली.

जावेचा चेहरा पांढराफटक. मला वाटलं, संपली बालवाडी.

वकिलांनी भुवयांवरचं ताक निपटलं. "हे काय गं?"

"हलू नका. उगवायला टाईम लागतो. रोज उकरून बघायचं न्हाई, बाईंनी सांगितलंय."

वकील असे हसले की त्यांना ठसका लागला. "बाई," ते म्हणाले, "माझी लेक तुमच्याकडंच राहणार. निदान हे पीक हाती येईस्तोवर तरी!" सगळं रान हसलं. पण हसता हसता बाकीच्या आया लेकरांचे भिजलेले नवे स्वेटर चाचपत होत्या, तेही मी बघितलं.

जूनला ओसरीतली सतरंजी लेकरांनी अर्धीच भरली. लेकाला तिनं फोनवर सांगितलं, "अर्धी भरली म्हणजे भरलीच की रे." पुण्याला जायचं टळलं, यंदापुरतं.

व्हॅन आता तिच्याच दारावरून जाते. सकाळी हॉर्न वाजला की गोष्ट अर्धवट टाकून ती फाटकाशी येते. खिडकीतून टाय लावलेली तिचीच लेकरं हात बाहेर काढून ओरडतात, "बाई! ओ बाई!"

"हात आत घ्या आधी!" ही दरडावते.

हात पटकन आत जातात. व्हॅन वळते, दिसेनाशी होते. मागं ओसरीत लेकरांचा कालवा सुरू झालेला असतो. तो थांबवायला मात्र ती लगेच वळत नाही.