वळणावरचा हॉर्न

भाऊ जाऊन आठ दिवस झाले, तेव्हा त्याच्या पुण्यानुमोदनाची पत्रिका छापायला मी कामरगावच्या प्रेसमध्ये गेले. घरातल्या कुणालाही पाठवता आलं असतं. मजकूर फोनवर सांगितला असता तरी चाललं असतं. पण ती पत्रिका त्याने तिथल्या कॉम्प्युटरवर बसवून दिलेल्या प्रणालीवर तयार होताना मला बघायची होती. त्याच्या नावाचा हा शेवटचा छापील कागद त्याच्या मनासारखा निघावा, एवढंच माझं मागणं होतं, आणि ते मी कुणाजवळ बोलले नव्हते.

भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान. गावात कॉम्प्युटरचे वर्ग घ्यायचा, म्हणून सगळे त्याला सर म्हणत. मी कारंज्याच्या एका शाळेत ग्रंथपाल आहे. रविवारी बसने घरी यायचे. गेली काही वर्षं त्याने एकच गोष्ट मनाला लावून घेतली होती. गावातल्या दुकानांमधले कॉम्प्युटर सॉफ्टवेअरच्या चोरीच्या प्रतींवर चालत, आणि त्यात वावगं काही आहे हे कुणाच्या गावीही नसे.

“बाई, हे लोक मापात दाणाभर मारत नाहीत,” तो मला म्हणायचा. “अन् कॉम्प्युटरवर दिवसभर चोरीचा माल. त्यायले कोणी सांगतलंच नाही.”

मग सांगायचं काम त्याने स्वतःकडे घेतलं. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली लिनक्स नावाची प्रणाली तो पेन ड्राइव्हमध्ये घेऊन हिंडे. ती कुणीही घ्यावी, दुसऱ्याला द्यावी, आत काय आहे ते उघडून बघावं, कुणाची ना नाही. वर्ग संपले की तो एकेका दुकानात जाऊन बसायचा. खताबियाण्यांच्या दुकानात मी एकदा त्याच्या सोबत होते. मालक पोत्यावर रेलून ऐकत होते.

“फुकट देता म्हंता, सर. फुकटचं बियाणं कोणी पेरते काय?”

“फुकटचं नाही, घरचं बियाणं समजा. राखा, पेरा, शेजाऱ्याले द्या. दरवर्षी कोणाच्या दारात जायची गरज नाही.”

मालक मोठ्याने हसले. “घ्या! मी पिशवीतलं बियाणं विकतो, अन् सर मलेच घरचं पेरा म्हंतात. ताई, तुमचा भाऊ माझं दुकान बंद पाडून राह्यला!”

भाऊही हसला. बाहेर आल्यावर मात्र गाडीला किक मारायच्या आधी थोडा वेळ नुसता उभा राहिला.

होकार दिला तो फक्त प्रेसवाल्या चाचांनी. चाचा पूर्वी छपाईचे खिळे जुळवायचे, नंतर कॉम्प्युटरवर आले. पंचक्रोशीतल्या लग्नाच्या, वास्तूच्या, निकाहच्या आणि पुण्यानुमोदनाच्या पत्रिका त्यांच्याच हातून निघतात. त्यांची अट एकच होती, जुनं काढायचं नाही. म्हणून भावाने दोन्ही प्रणाली शेजारी शेजारी ठेवल्या. कॉम्प्युटर चालू केला की काळ्या पडद्यावर दोन ओळी येत आणि दहा सेकंदांची उलटी मोजणी सुरू होई. वरची ओळ भावाची, खालची जुनी. त्या संध्याकाळी घरी येऊन तो जेवता जेवता मला म्हणाला होता, “कोणी काही दाबलं नाही ना बाई, तर आपोआप आपलंच लागते.” ते ‘आपलं’ त्याने ज्या आवाजात म्हटलं, तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

त्यानंतर दर रविवारी तो प्रेसमध्ये जाई. चाचा नव्या प्रणालीवर बसलेले दिसत, भाऊ शेजारी बसून काही ना काही शिकवी. या उन्हाळ्यात मी एकदा त्याच्या मागे गाडीवर बसून गेले होते. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, तरी प्रेसच्या अलीकडच्या वळणावर त्याने दोनदा लांब हॉर्न वाजवला.

“कोणासाठी वाजवतोस?” मी विचारलं.

“सवय.”

मग प्रेसपुढून गाडी तशीच पुढे नेली, चहाच्या टपरीवर थांबवली, तीन चहा सांगितले, तिथल्या माणसाशी पावसापाण्याचं बोलत उभा राहिला. मला ऊन लागत होतं. मी चिडले. “चहा तिथूनही सांगता आला असता,” म्हणाले. तो म्हणाला, “चाल, झालं आता.” एवढं लक्षात राहण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण राहिलं.

पावसाळ्याच्या अखेरीस त्याला कावीळ झाली. आधी अंगावर काढली, मग अकोल्याला नेलं. तिथे मी त्याच्या उशाशी पुस्तक घेऊन बसायचे आणि एकही पान वाचायचे नाही. सतराव्या दिवशी तो गेला. माझ्याहून लहान होता, हे वाक्य मी अजून पुरतं लिहू शकत नाही.

पत्रिकेसाठी प्रेसमध्ये शिरले तेव्हा वीज नुकतीच आली होती. चाचा उठून उभे राहिले.

“जयभीम, ताई.”

“सलाम, चाचा.”

मी मजकुराचा कागद टेबलावर ठेवला. चाचांनी चष्मा पुसला आणि कॉम्प्युटर चालू केला. काळा पडदा आला, दोन ओळी आल्या. चाचांनी काहीच दाबलं नाही. दहा, नऊ, आठ. मी वाट बघत होते. आणि जुनं लागलं.

मी पडद्याकडे बघत राहिले. चाचांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

“चाचा, कोणी बदललं हे?” माझा आवाज मला हवा होता त्यापेक्षा कडक निघाला.

“बसा, ताई.”

“कारंज्याहून कोणा कॉम्प्युटरवाल्याले बोलावलं होतं?”

“बसा तं खरं.” ते खुर्चीच्या कडेवर टेकले. “खोटं नाई बोलत. मले त्याच्यावर नाई जमलं कधी. सर यायचे तेवढाच वेळ सरांचं लावून बसत होतो. गाडीचा आवाज आला का बंद करून पुन्हा चालू करायचो. एवढं जीव लावून सांगत होते, नाई कसं म्हणू त्यायले?”

मला रडू आलं नाही. राग आला. चाचांचा थोडा, भावाचा जास्त. किती रविवार गेले होते. आईने वाढून ठेवलेलं ताट किती वेळा झाकून पडलं होतं. आणि एवढ्या दुकानांतून मिळालेला एक होकार, तोही खोटा.

चाचांना ते दिसलं असावं. त्यांनी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला, या वेळी बाणाची कळ दाबून खालच्या ओळीवर आले. भावाची ओळ आता खाली गेली होती. “सरांची पत्रिका सरांच्यावरच करतो,” ते म्हणाले. मी न मागता ते माझ्या मनातलं बोलले होते.

मग त्यांनी टाइप करायला घेतलं. कळफलक भावाने त्यांच्यासाठी जवळजवळ जुन्यासारखाच करून ठेवला होता, पण त्या ‘जवळजवळ’मध्ये चाचा दर शब्दाला अडकत होते. मात्रा सुटायची, ते पुसायचे. जोडाक्षर फुटायचं, पुन्हा पुसायचे. ‘पुण्यानुमोदन’ हा शब्द त्यांच्या हातून शेकड्यांनी गेला असेल. तो त्यांना चार वेळा लिहावा लागला. ज्या माणसाची बोटं बोलता बोलता अख्खी पत्रिका जुळवतात, तो माणूस पहिलीतल्या मुलासारखा एकेक अक्षर शोधत, ओठ हलवत बसला होता. कपाळावर घाम आला होता. माझ्याकडे बघायचं टाळत होता.

मला ते बघवेना. विषय बदलावा म्हणून मी विचारलं, “पण वरची ओळ बदलली कोणी, हे नाही सांगतलं तुमी.”

चाचांचे हात थांबले.

“सरांनीच.”

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

“मागच्या लग्नसराईत. गाडी दुरुस्तीले होती, सर पायीच आले. आवाज नाई आला ना काई. मी आपला जुन्यावर लग्नपत्रिका मारून राह्यलो होतो. वर पाह्यतो तं सर दारात उभे. किती वेळचे उभे होते, मले माहीत नाई.”

“काय म्हणाले?”

“काईच नाई. चहा सांगतला. पिऊन झाल्यावर म्हणे, ‘चाचा, जरा उठा.’ बसून काईतरी केलं, अन् म्हणे, ‘आता तुमाले काई दाबायची गरज नाई.’ मले वाटलं, सरांनी आपलं पक्कं केलं. दुसऱ्या दिवशी चालू करतो, तं आपोआप जुनंच लागलं.” चाचांनी चष्मा काढला. “त्याच्यानंतर त्यायनं ना मले विचारलं, ना मी त्यायले. पण येणं सोडलं नाई. अन् ताई, तेव्हापासून वळणावर हॉर्न वाजवत होते. दोनदा. मग टपरीवर थांबत होते. तेवढ्यात खालच्या ओळीवर जाऊन सरांचं लागून जाये.”

बाहेरून कुणाची तरी गाडी गेली. आम्ही दोघांनीही दाराकडे पाहिलं.

त्या उन्हात मी त्याच्यावर चिडले होते, हे मला पुन्हा पुन्हा आठवत राहिलं. तीन चहा. पावसापाण्याचं बोलणं. टपरीच्या सावलीबाहेर उभा राहून तो चाचांची लाज वाचवत होता, आणि मी पदराने वारा घेत त्याला घाई करत होते. तो का जात राहिला असेल? चाचा कधीतरी शिकतील, असं त्याला अजून वाटत होतं? की शिकवण्यासाठी एक दार तरी उघडं आहे, तेवढं त्याला पुरत होतं? मला माहीत नाही. मी विचारलं नव्हतं. मी दर रविवारी घरी यायचे, आणि त्याला कधी विचारलं नव्हतं.

चाचांनी पुन्हा चष्मा लावला आणि कळफलकावर वाकले. पत्रिकेच्या तीन ओळी झाल्या होत्या. चौथीत भावाचं नाव यायचं होतं.

“चाचा,” मी म्हटलं, “राहू द्या. जुन्यावर करा.”

“नाई, ताई. यक पत्रिका तं सरांच्या—”

“त्यानं तुमाले दाबायची गरज नाही म्हणून सांगतलं होतं ना. मग?”

चाचांनी त्या तीन ओळी जतन केल्या, का ते त्यांनाच ठाऊक, आणि कॉम्प्युटर बंद करून चालू केला. काळा पडदा आला. चाचांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. वरची ओळ उजळलेली होती, खाली भावाची. दहापासून एकापर्यंतचे आकडे आम्ही दोघांनी पाहिले.

जुनं लागलं. चाचांची बोटं धावू लागली. माझ्या भावाचं नाव त्यांनी कागदाकडे न पाहता लिहिलं.