विहिरीच्या प्रश्नाला एक तारा

डिचोलीच्या कॉलेजात पर्यावरण शिकवणाऱ्या सरांना एका वर्षी नवी हुक्की आली. प्रश्न आम्हीच काढायचे, चार पर्यायांसह वेबसाइटवर टाकायचे आणि इतरांनी ते सोडवून तारे द्यायचे, शेरा लिहायचा. कमी ताऱ्यांचा प्रश्न गळणार, उरलेल्यांतून चाचणीचा पेपर निघणार. नावं लपलेली, म्हणून न्याय होईल म्हणे. भाबडा माणूस!

पेडण्याची पोरं बसमध्येच सौदे उरकून यायची. हळदीकुंकवाला वाणाला वाण परत जातं, तसे पाचाला पाच तारे. ‘मयेचं तळं कोणत्या तालुक्यात?’ तळं आमच्याच डिचोलीत, तरी या प्रश्नाखाली ‘विचारप्रवर्तक’ असा शेरा मी या डोळ्यांनी वाचलाय.

मी मात्र जीव ओतून प्रश्न केला. खाणीचा खड्डा कोरडा ठेवायला पाणी सतत उपसलं, तर शेजारच्या विहिरीचं काय होईल? आमची विहीर त्या उन्हाळ्यात तळाला गेली होती. आमच्या वाड्यावरच्या अर्ध्या घरांचे ट्रक खाणीवर चालायचे, त्यामुळे कारण माहीत असूनही कोणी बोलत नव्हतं. निदान पेपरात तरी सगळ्यांना ते लिहावं लागेल, एवढीच माझी आशा होती.

एक तारा मिळाला. ‘सिलॅबसबाहेर’, ‘राजकारण नको’. आणि संताप कशाचा, तर बहुतेकांनी उत्तर अचूक निवडलं होतं! कळत होतं मेल्यांना.

माझ्या बाकावरची मैत्रीण आमच्याच वाड्यावरची, तिच्या बापाचे ट्रक. तिला सरळच विचारलं, “तुवें कितले तारे दिले?”

“एक,” ती म्हणाली. “पेपरांत आयलो जाल्यार घरा कितें सांगूं?”

सरांकडे गेले तर म्हणाले, “वर्गानेच ठरवलंय, मी काय करू?” चोर सोडून संन्याशाला सुळी! माझा प्रश्न गळला, पेपरात मयेचं तळं आलं आणि वर्ग झकास पास झाला.

मे महिन्यात तिचीही विहीर आटली. वाड्यावर टँकर आला, तेव्हा रांगेत ती माझ्यापुढेच कळशी घेऊन उभी होती.

“सगळ्यांक पुरतलें मगो उदक?” तिने मागे वळून विचारलं.

“चार पर्याय दितां,” मी म्हटलं. “वेंच.”

ती हसली नाही. कळशी उचलून ती पुढे सरकली, आणि तिच्यामागून मी.