शाळा सोडल्याचं कारण

रजिस्टरातली सगळी मुलं संगणकावर चढवून झाली, तरी बहिणीची ओळ मी मागेच ठेवली होती.

वैशाखरे गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या आमच्या वाडीची शाळा पट कमी म्हणून बंद झाली. तिच्या दोन पेट्या मुरबाडकडच्या माझ्या शाळेत आल्या, आणि जुनी रजिस्टरं ऑनलाइन भरायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मास्तरला शिकवणं सोडून सगळी कामं असतात, त्यातलंच हे एक. शाळेत नेट नाही, म्हणून सापगावच्या घरी रजिस्टरं आणून भरत बसायचो. नियम एकच होता: जसं आहे तसं भरा. एकदा जतन केलं की बदल नाही.

बहिणीच्या ओळीत तिसरी इयत्ता होती आणि शेवटच्या रकान्यात, शाळा सोडल्याचं कारण: सतत गैरहजर. गुरुजींचं अक्षर मोत्यासारखं. वाचून राग आला, पण नवल वाटलं नाही. ती शाळेत रमली नाही असंच घरात सगळे म्हणायचे. मीही तिला 'तिसरी नापास' म्हणून चिडवायचो, आणि ती हसायची.

पेटीच्या तळाशी हजेरीपट होते. ते भरायचे नव्हते, रद्दीत काढायचे होते. गैरहजर म्हणजे किती ते बघावं म्हणून तिच्या तिसरीचा काढला. जूनपासून एकही 'गै' नाही. लावणीत अर्धा वर्ग शेतावर असायचा, तेव्हाही ही हजर. मग ऐन भातकापणीत एका मंगळवारी 'गै'. बुधवारी 'गै'. महिना संपेपर्यंत 'गै'. पुढे कधीमधी एखादा दिवस हजर, आणि मग नावावर आडवी रेघ.

माझी जन्मतारीख एक जून. माझ्याबरोबर शिकलेल्या निम्म्या मुलांची तीच आहे, कारण दाखल करताना गुरुजी वय बसवून तीच टाकायचे. आई एवढंच सांगायची, "तू भातकापणीत झालास." मी वर्षं मोजली, पुन्हा मोजली. माझा खरा जन्मदिवस बहिणीच्या नावापुढे लिहिलेला होता.

आई बाळंतपणातून उठली ती थेट दुसऱ्यांच्या शेतावर मजुरीला गेली. मी ताईच्या कडेवर वाढलो, हे मला ठाऊक होतं. पण त्यासाठी तिची शाळा गेली, हे मी कधी जोडून पाहिलं नव्हतं. मी, शाळामास्तर!

ताई म्हसा गावी दिलेली. तिला फोन लावला.

"ताई, मी मंगळवारी झालो ना गो?"

"हां. सकालीच. मी दप्तर घेऊन निघाले व्हते, आयनं हाक मारली."

"मग कधी सांगितलं का नाहीस?"

"तू कदी इचारलंस?"

मग मी तिला सांगितलं की कारणांच्या यादीत शेवटी 'इतर' आहे, त्यापुढे चार शब्द लिहिता येतात. मी लिहितो, धाकट्या भावाला सांभाळण्यासाठी. नियम मोडला तर मोडला. निदान कुठेतरी खरं राहील.

"ते कोन बघतं?"

"कोणीही. कायमचं राहणार ते."

"मंग नको लिवू रे," ती घाईघाईनं म्हणाली. "उद्या तुजी पोरं बघतील. लोकं बोलतील, मास्तरापायी बहीन अडानी रायली. गुर्जींनी लिवलंय तसंच रावूदे. माजं आता काय जातंय?"

मी नाही म्हणायला हवं होतं. तिच्याशी भांडायला हवं होतं. मी यादीतलं 'सतत गैरहजर' निवडलं आणि जतन केलं. हिरवी खूण आली.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं," मी म्हणालो.

खरं सांगायचं तर, ती नको म्हणाली तेव्हा मला आत कुठेतरी हायसं वाटलं होतं. त्याचीच मला लाज वाटते. तिनं मला पुन्हा एकदा सांभाळून घेतलं, आणि मी घेऊ दिलं.