उत्तरासाठी सोडलेली शांतता

तमाम वाचकांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, माझे सहकारी प्राध्यापक देवस्थळी सर दीड महिन्यापूर्वी नाशिकला सुट्टीवर असताना हृदयविकाराने वारले. मात्र त्यांनी वर्ग घेणे अद्याप थांबवलेले नाही. हसू नका. मी स्वतः हजर होतो.

कुवेतमधल्या सलवा भागात आमची घरं एकाच मजल्यावर, मध्ये एक भिंत. करोनात आमचं विद्यापीठ बंद झालं आणि सर जेवणाच्या टेबलावरून उष्णताशास्त्र शिकवू लागले. भिंतीतून सगळं ऐकू यायचं. सर प्रश्न विचारत, मग शांतता... लांबलचक, अंगावर येणारी. आणि मग एकदम, "शाबास! अगदी बरोबर." पण पलीकडून तर चकार शब्द आलेला नसायचा! सरांच्या पत्नी नलिनीवहिनी एकदा बाल्कनीतून हळूच म्हणाल्या, "भावजी, हे कोणाशी बोलतात हो? पडद्यावर एकही चेहरा नसतो."

असली संधी मी कशी सोडणार? "सर, भुतांची शिकवणी घेता वाटतं?" मी विचारलं.

"कॅमेरे बंद असतात रे. मुलींच्या मागे घरची माणसं वावरतात, कशा सुरू करतील? काहींचं नेटच तुटतं. म्हणून मी धडा आधी रेकॉर्ड करून ठेवतो. उत्तर द्यायला पोरांना जितका वेळ लागेल, तितका थांबतो. ते काय चुकतील, तेही ठाऊक असतं." मग माझा चिडवण्याचा सूर विसरून त्यांनी विचारलं, "पण मोहन, खरंच कोणी उत्तर देत असेल का रे?"

 

परवा वहिनी घर आवरायला कुवेतला आल्या. माझ्या हातात पेनड्राइव्ह ठेवून म्हणाल्या, "शेवटपर्यंत त्यांना तीच चुटपुट होती. एकदा वर्गात लावा. कोणी उत्तर दिलं, तर मला सांगा... नाही दिलं, तरी खरं तेच सांगा."

रविवारी, म्हणजे इथल्या आठवड्याच्या पहिल्याच दिवशी, पहिल्या तासाला मी दिवे मालवून ते लावलं. ही यंदा नव्याने आलेली मुलं. सरांना त्यांनी कधी पाहिलेलंही नव्हतं. इथली मुलं आम्हा प्राध्यापकांना 'डॉक्टर' म्हणतात; त्यांना मी मुद्दाम काहीच सांगितलं नाही. सर पडद्यावर आले, चष्मा पुसला, आणि टेबलावर निवत ठेवलेल्या चहाचं गणित घातलं. "या चहाची उष्णता किती बदलली?" मग ती शांतता. पंख्याचा आवाजसुद्धा मोठा वाटू लागला. कोणीच बोलेना... आणि दुसऱ्या रांगेतली एक मुलगी वहीतून मान वर करून एक आकडा म्हणाली.

सरांनी तिच्याच दिशेने पाहिलं. "आकडा बरोबर. पण उणे चिन्ह कुठं गेलं?"

वर्ग खो खो हसला. सर थांबले. हसणं विरेपर्यंत थांबले, एक क्षण कमी नाही, एक क्षण जास्त नाही. "हसून झालं?" ते म्हणाले. "चला, पुढे जाऊ."

आता मात्र वर्गात कोणी हलेना. त्या मुलीने पेन्सिल खाली ठेवली, माझ्याकडे न बघता, पडद्यावरची नजर न काढता, आणि तिच्या तोंडून मोठ्याने निघून गेलं,

"डॉक्टर, हे आत्ता आम्हाला बघतायत का?"